माडीवरच्या कोंबड्या

उकाड्यानं एक कोंबडी गेली, तेव्हा शिंपीणबाईंनी मोठ्या हौसेनं नवं खुराडं करून घेतलं. वर पत्रा, त्याखाली निम्म्यापर्यंत फळ्या आणि खालच्या निम्म्याला चहूकडून जाळी. तरी भर दुपारी पत्र्याजवळच्या दांडीवर बसलेल्या कोंबड्या चोची उघडून धापा टाकायच्या. आणखी एखादी गेली असती, तर बाईंच्या घशाखाली घास उतरला नसता.

"वारा तर येतोय, मग ह्यांचं घोडं अडलंय कुठं?" असं पुटपुटत त्या स्वतःच आत शिरल्या आणि डोकं दांडीशी येईल अशा बेतानं बसल्या.

नणंद अंगणात येऊन थबकली. "वहिनी, अंड्यावर बसलात की काय?"

"बसले तर पहिलं पिल्लू तुम्हालाच, वन्सं. आधी जरा दोरा द्या."

दोरा गुडघ्यापाशी धरला, तर हलला. डोक्यापाशी नेला, तर नुसता लोंबत राहिला. पाय गार होते, टाळू मात्र भाजत होती.

"बघा माझी अक्कल," बाई म्हणाल्या, "ह्या बसतात माडीवर आणि मी खिडक्या ठेवल्या तळमजल्याला. वरची वाफ जाणार कुठून?"

दुसऱ्या दिवशी सुताराकडून पत्रा वीतभर उचलून त्या फटीला जाळी ठोकून घेतली. दुपारी बाई पुन्हा आत जाऊन बसल्या. शेजारच्या कोंबडीच्या मानेवरची पिसं हलली आणि हळूहळू तिची चोच मिटली.

"झालं ना समाधान? या आता बाहेर," नणंद म्हणाली.

"थांबा हो. घरापेक्षा इथंच बरं वाटतंय."

नणंदेनं पदरानं गळ्याचा घाम टिपला, इकडं तिकडं पाहिलं आणि वाकून आत डोकं घातलं. "सरका मग थोडं."