रिंग न पाहिलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी बॉक्सिंगची बॅग आहे. लाल ग्लोव्हजचे नाव काढले, की माझ्या पोटात आजही दुखते. पोटात तशा चिंध्या आणि वाळूच आहे, पण दुखते.

माझा जन्म १९७१ सालचा, नगरचा. आप्पासाहेब हवालदार फौजेतून निवृत्त झाले आणि नागापूरच्या एका रिकाम्या शेडमध्ये पोरांना बॉक्सिंग शिकवू लागले. जाड ताडपत्री त्यांनी स्वतः दाभणाने शिवली, आत चिंध्या आणि वाळू ठासून भरली आणि मला साखळीने तुळईला टांगले.

त्या पोरांपैकी भीमा रोज कारखान्यातली पाळी संपली की यायचा. त्याच्या ठोशांची ताकद वाढली ती माझ्या अंगावर. पण सामना आला, की खुंटीवरचे लाल ग्लोव्हज ऐटीत निघायचे. जिंकून आले की त्यांच्यावर गुलाल, भीमाची आई मुक्ताबाई त्यांनाच हळदकुंकू लावायची. माझ्यावरची धूळसुद्धा कोणी झटकायचे नाही.

शेडच्या दारात बन्सीची चहाची गाडी होती. त्याला एका डोळ्याने दिसत नव्हते, म्हणून हवालदारांनी त्याला कधी रिंगमध्ये उतरू दिले नाही. तो बाकावर बसून भीमाकडे टक लावून बघायचा. ती नजर मी ओळखून होते. ग्लोव्हजकडे बघताना माझीही तशीच होत असणार.

पुढच्या वर्षी श्रीरामपूरच्या सामन्यात भीमा हरला. मी तिथे नव्हते. मला कोण नेणार? ऐकले ते दुसऱ्या दिवशी, सामना बघून आलेल्या बन्सीच्या तोंडून.

"शेवटच्या राउंडला निस्ता मागं मागं पळत हुता," तो गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होता. "पळपुटा हाय भीमा! मला दोन डोळे असते तर दावलं असतं!"

मला फार गोड वाटले. बरी जिरली ग्लोव्हजची!

एवढ्यात भीमा आला. त्याचा ओठ सुजला होता. त्याने सगळे ऐकले होते. मागून हवालदार कडाडले, "बन्स्या, जन्मात एक ठोसा तरी खाल्लास का? तू कोण बोलणार?"

बन्सीची मान खाली गेली. पण तो पुटपुटला, "ठोसा न्हाई खाल्ला. पर बघितलं तर हाय. डावा हात मारला का त्यो खालीच ऱ्हातो. तिथंच मार बसला."

भीमा माझ्यासमोर आला. त्याने डावा हात मारला आणि तसाच थांबला. हात खरोखरच छातीखाली उतरला होता. इतके दिवस त्याचा मार खाऊनही मला ते कळले नव्हते!

"हाताचं सांगितलंस, ते रोज सांग," भीमा म्हणाला. "पर पळपुटा म्हनालास, ते माघारी घे. बरगडीत ठोसा बसल्यावर श्वास कुठं जातो, तुला ठावं न्हाई."

बन्सीने हातातला कप गाडीवर ठेवला. मग म्हणाला, "घेतलं माघारी. लई हेवा वाटतो रं तुझा. म्हनून त्वांड सुटलं."

त्या दिवसापासून भीमा ठोसे मारताना बन्सी माझ्याशेजारी उभा राहून ओरडायचा, "हात वर!" पुण्याच्या सामन्याला भीमाने त्याला सोबत नेले आणि पाणी द्यायला रिंगच्या कोपऱ्यात उभे केले. भीमा जिंकला. परत आले तेव्हा बन्सीच्या गळ्यात ते लाल ग्लोव्हज होते आणि तो हसत होता. आता मला ग्लोव्हजबरोबर बन्सीचाही हेवा वाटू लागला.

पुढे शेड बंद पडली. आज मी तिथेच कोपऱ्यात पडून आहे. माझी शिवण उसवली आहे, वाळू गळते आहे. मित्रांनो, सामना बघून जरूर बोला. पण रिंगमधल्या माणसाला नावे ठेवण्याआधी आपल्याच मनात काय सलते आहे, तेही एकदा बघा. आणि जमले तर मला चार टाके घाला. एखाद्या सामन्याला मलाही न्या. मी लांबूनच बघेन, आणि दिसेल तेवढेच सांगेन.