खंडनाचा परिच्छेद

यज्ञेश्वरांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"आद्य स्लाव्ह भाषेचा एकही शब्द कोणी लिहून ठेवलेला नाही, रशियन, पोलिश अशा तिच्या लेकीभाषांवरून आपण तो मागे जाऊन रचतो. आजाऱ्यासाठीचा 'बोलि' हा असाच रचलेला शब्द. त्याचे नाते आपल्या 'बल'शी जोडून काही पंडित म्हणतात की, नाव घेतल्याने दुखणे चिडेल या भयाने ते लोक आजाऱ्यालाच बलवान म्हणत. मरणाच्या दारातल्या माणसाला कोणताही समाज बलवान म्हणत नाही. म्हणून हे मत टाकाऊ आहे."

"कोणताही?" खाटेवरून अनुपमाबाईंनी विचारले. आवाज खोल गेला होता. खोच शाबूत होती. "उमरठ मोजलंत का?"

लग्नापासून यज्ञेश्वरांचा प्रत्येक परिच्छेद छापखान्यात जाण्याआधी या कानांवरून जाई, आणि क्वचितच धड परत येई.

उमरठ म्हणजे ठकूबाईचे गाव. अनुपमाबाईंनी अंथरूण धरल्यापासून ती महाडच्या या घरात त्यांचे सगळे करी. पेजेची वाटी घेऊन ती आत आली आणि भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाई आज दणकट हाय!"

"ठकूबाई, खोटं कशाला बोलता?"

"आमच्यात आजाऱ्यापाशी असंच बोलायचं, सर. दुखन्याचं नाव घेतलं तं ता ओ देतं."

"घ्या," अनुपमाबाई म्हणाल्या.

"एका गावावरून सिद्धान्त उभा राहत नाही. आणि खोटं ते खोटंच."

"म्हणूनच तुम्हाला सांगून ठेवलंय. मुंबईचे डॉक्टर जे म्हणतील ते जसंच्या तसं मला सांगायचं. गाळायचं नाही, मऊ करायचं नाही."

"आजवर कधी केलंय?"

फोन वाजला तेव्हा पेज अर्धी संपली होती. यज्ञेश्वर व्हरांड्यात गेले.

"सर, सगळीकडे पसरलंय," डॉक्टर म्हणाले. "आता त्यांना प्रवासाचा त्रास नको. उपचार थांबवू. दुखणार नाही एवढं पाहू."

यज्ञेश्वरांनी दोन प्रश्न विचारले. उत्तरे स्पष्ट होती. प्रतिवाद करावा असे त्यांत काही नव्हते. फोन बंद झाल्यावरही ते तो कानाशी धरून उभे राहिले. पुराच्या पाण्याची जुनी रेघ व्हरांड्याच्या भिंतीवर अजून होती. तिच्यावरून ते टोकापर्यंत बोट फिरवत गेले, आणि तसेच परत आले.

आत येऊन त्यांनी टेबलावरचे कागद उचलले, त्यांच्या कडा जुळवल्या. त्या जुळलेल्याच होत्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाले..." त्यांनी कागद पुन्हा एकदा टेबलावर आपटून सारखे केले. "म्हणाले, ताकद चांगली आहे. खणखणीत आहे म्हणाले."

ठकूबाईचा चमचा वाटीतच राहिला. अनुपमाबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. एखादा लंगडा मुद्दा पुढे आला की पाहत, तशाच. मात्र या वेळी त्यांनी हरकत घेतली नाही. हात पुढे करून ठकूबाईच्या मनगटाला स्पर्श केला, तोंड उघडले, चमचाभर पेज सावकाश गिळली.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग ते खोडा."

यज्ञेश्वरांनी पेनचे टोपण काढले. "सगळा परिच्छेद?"

"नाही. 'मरणाच्या दारातल्या'पासून."