मुलीची आई नागपूरला गेली आहे

चिखल लावून घ्यायचा म्हणजे अंगावरचं काढावं लागतं, आणि कल्पनाने चारचौघांत कोपर दाखवणं सोडून जमाना झाला होता. हातांवर, मानेवर, ओठाच्या कडेला कोड. बेंगळूरात यशवंतपूरला, कारखान्याच्या कॉलनीत, ती भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालून भाजी घ्यायला जायची. इथे, शहराबाहेरच्या निसर्गोपचार केंद्रात, लेप लावणारी बाई म्हणाली, "लाज कसली अक्का? चिखलाखाली सगळ्या सारख्याच." कल्पना हसली आणि पहिल्यांदाच उन्हात पाय पसरून पडली.

नवऱ्याने आपणहून पाठवलं होतं. ज्या रत्नाकरने तिला कधी स्टेशनपर्यंत सोडलं नव्हतं, तो रजा काढून टॅक्सीने पोचवायला आला होता. "आठवडाभर आराम कर. अहल्याताई येतेय धारवाडहून, ती बघेल घर." अहल्याताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आणि शलाकाने, एकुलत्या एका लेकीने, तर बॅगसुद्धा भरून दिली. निघताना गळ्यात पडली. "आई, फोन करू नकोस हं. घरचा विचारसुद्धा करायचा नाही, तरच गुण येतो म्हणे." कल्पनाचे डोळे भरून आले. बाई मूर्ख नव्हती. पण लाडाची सवय नसली की माणूस पहिल्याच घासाला फसतो.

खोलीत सोबतीला भार्गवी होती. चामराजपेठेतली, तीन पिढ्या बेंगळूरात मुरलेली, मराठी बोलता बोलता कन्नडात घसरणारी. संधिवातासाठी आलेली, आणि सकाळ-संध्याकाळ केंद्राला शिव्या घालणारी. "उकडलेला भोपळा खाऊन कोण बरं होतंय हो? पुन्हा खावा लागेल या भीतीने बरं वाटतंय म्हणतात."

आठवडा निम्मा सरला तेव्हा भार्गवीची नणंद विद्या भेटायला आली, पदराखाली पेढे लपवून. ही कल्पनाच्याच कॉलनीत मागच्या रांगेत राहायची. आत पाऊल टाकलं आणि ती थबकलीच.

"अय्या, कल्पनाताई! नागपूरहून कधी आलात?"

"मी कशाला नागपूरला जाऊ?"

"अहो, आईंना अर्धांगाचा झटका आला ना तुमच्या? अहल्याताईच सांगत होत्या. उद्या शलाकाचा साखरपुडा आणि ऐन वेळी मुलीची आई नागपूरला! आम्ही सगळ्याजणी किती हळहळलो."

कल्पनाची आई दोन वर्षांपूर्वीच वारली होती. कॉलनीला ते ठाऊक नव्हतं, पण रत्नाकरला ठाऊक होतं. त्यानेच नागपूरला जाऊन खांदा दिला होता. त्या मेलेल्या म्हातारीला यांनी उठवून बसवलं आणि झटका आणला. सोयीसाठी.

विद्या जीभ चावून बसली. भार्गवीने पेढा बाजूला ठेवला. "अक्का, बसा स्वल्प. पाणी घ्या."

पण कल्पना उभीच. तिला सगळं दिसायला लागलं होतं. पुष्कर नावाचा मुलगा, पुण्याचा, इथे कोरमंगलात कॉम्प्युटर कंपनीत. "पत्रिका गेली आहे, बघू," एवढंच रत्नाकर म्हणाला होता. बघू नाही, बघून झालं होतं. कांदेपोहे झाले, पसंती झाली, आणि मुलीची आई इकडे पोटावर चिखल थापून पडली होती.

"हे वन्संचं काम," ती म्हणाली. "आणि यांना कधी कुणापुढे कणा होता? पोरीला काय थापा मारल्या असतील देव जाणे. आईलाच यायचं नाही म्हणून सांगितलं असेल."

"जाऊन करणार काय?" भार्गवीने विचारलं.

"काय म्हणजे? मी आई आहे तिची. तिच्या शेजारी उभी राहणार."

भार्गवीने पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला. तिनेही मुली उजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पना रिक्षा करून निघाली. वाटभर तिने लेकीला मनातल्या मनात समजावलं. रडू नकोस, तुझा काही दोष नाही, बाबांवर रागावू नकोस. क्वार्टरच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. ती मागच्या दाराने आत शिरली.

मधल्या खोलीत शलाका एकटीच, मोतिया रंगाची साडी, डोक्यात मोगऱ्याचा गजरा. इतकी सुंदर दिसत होती की कल्पना क्षणभर सगळं विसरली.

"आई!" शलाकाने आधी दार लावलं. मग म्हणाली, "तू आत्ता कशी? तू रविवारी येणार होतीस ना?"

त्या "रविवारी"तच सगळं आलं. तरी कल्पनाने विचारलं, कारण आया विचारतात. "तुला काय सांगितलं यांनी?"

"मला कोण काय सांगणार? मीच सांगितलं सगळ्यांना. बाबा नकोच म्हणत होते."

"तू?"

"हळू बोल ना! बाहेर बसलेत सगळे. आई, आधीच्या स्थळाने काय कळवलं होतं? मुलगी पसंत, पण घरात डाग आहेत. तेव्हा कोण रडलं होतं? माझ्यापायी पोरीचं अडायला नको, असं कोण म्हणालं होतं? तूच ना?"

"म्हणाले होते."

"मग? तुझंच तर ऐकलं मी."

स्वतःचंच वाक्य कुणी सुरीसारखं धार लावून परत द्यावं, आणि तेही असं गजरा माळून.

"आणि लग्नात?" ती शेवटी म्हणाली. "तेव्हा कुठे धाडणार होतीस मला? पुन्हा नागपूरला? म्हातारीला किती वेळा मारणार?"

"तेव्हाचं तेव्हा. एकदा साखरपुडा झाला की लोक असे मोडत नाहीत. आई, प्लीज. एक तास फक्त. मागे बस."

मागे बस. शेजारणींसाठी, पाहुण्यांसाठी, कॅमेऱ्यासाठी कल्पना आयुष्यभर मागेच बसली होती. कुणाला सांगावं लागलं नव्हतं. आज पोटच्या पोरीने सांगितलं, आणि नेमकं आजच तिला ते जमेना.

तिने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दार उघडलं.

बैठकीच्या खोलीत अहल्याताई भरजरी लुगड्यात, विहीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर औक्षणाचं तबक घेऊन बसल्या होत्या. पाटावर पुष्कर. कोपऱ्यात रत्नाकर फोटोग्राफरला काहीतरी सांगत होता. त्याने बायकोला पाहिलं आणि त्याचा हात हवेतच राहिला.

"द्या वन्सं," कल्पनाने तबक घेतलं. "मी आले."

विहीणबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. पांढरे हात, लाल कुंकू. "आपण कोण?"

"मुलीची आई. कल्पना. नागपूरला गेले नव्हते मी. मला गावाबाहेर ठेवलं होतं, हे तुमच्या दृष्टीस पडू नये म्हणून. कोड आहे. लागत नाही कुणाला. विचारायचं ते मला विचारा."

पुष्करचे वडील खाकरले. पुष्कर पाटाच्या कडेची रांगोळी बोटाने पुसत बसला. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर निदान राग तरी नव्हता. कोण जाणे, दोन वाक्यांत निभावलंही असतं. पण तेवढ्यात शलाका बाहेर आली.

"तिचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. आवाज गोड. "आईचं डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून तर तिथे ठेवली होती. कुणाला सांगता येत नाही हो, म्हणून नागपूरचं सांगितलं."

डाग झाकायला पोरीने आईला वेडी ठरवलं. वेड घराण्यात चालतं आणि डाग चालत नाहीत, हा हिशोब तिने कुठे मांडला होता, तिचं तिलाच माहीत.

पुष्करच्या वडिलांनी रत्नाकरकडे पाहिलं. "काय हो रत्नाकरराव? खरं आहे हे?"

कारखान्यात रत्नाकर तपासणीला होता. केसाएवढी चूक असलेला पार्ट तो परत पाठवायचा, साहेबाचंही ऐकायचा नाही, असं लोक सांगत. त्याने बायकोकडे पाहिलं. मग लेकीकडे. आणि मान हलवली. हो म्हणून.

विहीणबाईंनी खुर्ची जराशी मागे घेतली.

कल्पना रडेल, ओरडेल, तबक फेकेल, अशी सगळ्यांनी तयारी केली. वेड्या बाया असंच करतात. अहल्याताई तर तिला धरायला उठल्यासुद्धा. त्या उठल्या तशी खुर्ची रिकामी झाली, आणि कल्पना तिच्यात जाऊन बसली. पदर सारखा केला. तबक मांडीवर घेतलं, निरांजनातली वात बोटाने पुढे सरकवली.

"मुलगी करून घ्या," ती विहीणबाईंना म्हणाली, सरळ, घरगुती आवाजात. "हुशार आहे. डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलते, हात कापत नाही. तुम्हाला सांभाळून राहावं लागेल एवढंच."

"आई, ऊठ," शलाका दातांमधून म्हणाली.

"का? औक्षण मुलीच्या आईने करायचं असतं. ये, बस पाटावर. भटजी, चला. मुहूर्त टळेल."

भटजींनी रत्नाकरकडे पाहिलं. रत्नाकरने फरशीकडे. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली केला.

कुणी सुरुवात केली नाही. कल्पना उठली नाही.