फोटोपुरती हळद

मेमरी कार्ड बिघडतं तेव्हा दोष कार्डाचा नसतो. हिंगोलीजवळच्या गोरेगावात फोटो स्टुडिओ चालवून मी एवढं तरी शिकलो आहे. दोष माणसाचा असतो, आणि ते माणूस बहुतेक वेळा घरचंच, आपल्याला आग्रहाने वाढणारं असतं.

पुनमच्या हळदीत ते माणूस म्हणजे तिचा चुलतभाऊ रुद्र. मला पंगतीत बसलेलं बघून त्याने चालू कॅमेऱ्यातून कार्ड ओढून काढलं, तेही तेल-हळदीने माखलेल्या हातांनी. त्याला हळदीचे फोटो लगेच स्टेटसला लावायचे होते. कार्ड त्याने मोबाईलला जोडलं. मोबाईलने इंग्रजीत काहीतरी विचारलं. रुद्र कुणालाच नाही म्हणत नाही. त्याने 'हो' दाबलं, कार्ड परत कॅमेऱ्यात सारलं आणि बुंदी वाढायला गेला.

मी हात धुऊन आलो तर कार्ड कोरं. एकसुद्धा फोटो नाही.

अशा वेळी त्या कार्डावर नवा फोटो काढायचा नसतो. पुसलेले फोटो आत कुठेतरी पडून असतात, वरून नवे काढले की ते कायमचे जातात. मी कार्ड काढून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीचं लग्न दुसऱ्या कार्डावर काढलं. मांडवात सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं उन्हात ठेव, कुणी म्हणालं तांदळाच्या डब्यात ठेव. मी स्टुडिओत येऊन खोडरबराने कार्डाच्या पट्ट्या घासल्या, पिवळं निघालं. रीडर बदलला, लॅपटॉप बदलला. फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर दिवसभर चालवलं, तर एका साडीचा अर्धा काठ हाती लागला. शेवटी कार्ड हिंगोलीच्या एका दुकानदाराकडे पाठवलं. तो म्हणाला, बघतो, पण भरवसा धरू नका.

ही बातमी ऐकून पुनमची मोठी माय, म्हणजे थोरली चुलती, जनकाबाई जीप करून थेट स्टुडिओत आली. त्या घरात सगळं हिच्या शब्दावर चालतं आणि रुद्र हिचाच मुलगा.

"सोमेश्वर, माझ्या हिरव्या साडीचे फोटू कुठं हायेत?"

"रुद्रला विचारा."

"लेकराला काहून तकलीफ द्यायची?"

लेकराला चांगली दाढी आहे.

"पोरगी मांडव परतणीला माहेरी येऊन राहिली," जनकाबाई म्हणाली. "तवा पुन्हा हळद लावू. तू फोटू काढ. झालं बराबर."

त्या हळदीतलं एक दृश्य मात्र मला कार्डाशिवायही आठवत होतं. पुनम पाटावर बसली होती आणि म्हणत होती, माय आल्याबिगर मी हळद लावून घेणार न्हाई. तिची माय सिंधूबाई शेळ्यांच्या गोठ्याआड उभी होती. पुनम लहान असतानाच सिंधूबाईचा नवरा गेला. मेंढरांमागे फिरून तिने पोरगी वाढवली. हळदही तिनेच वाटली होती. विधवेने वाटलेली हळद चालते, लावलेली चालत नाही. ही रीत ज्याने काढली त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. जनकाबाईने तेव्हा पुनमला समजावलं, दटावलं आणि पाच सवाष्णींनी हळद उरकली. पुनमचे डोळे सुजलेले होते. ते फोटो गेले याचं मला, खरं सांगायचं तर, फारसं वाईट वाटलं नव्हतं.

परतणीच्या दिवशी मी नवं कार्ड घालून गेलो. मांडव अजून उभा होता. जनकाबाई हिरवी साडी नेसून तयार होती. फक्त तिचे मालक कोंडीबा अडून बसले होते.

"लगीन झालेल्या पोरीला पुन्हा हळद? असं कुठं असतंय का?"

"ही कुठं हळद हाय?" जनकाबाई म्हणाली. "हा फोटू हाय. देवाला काय तेवढं कळत न्हाई का? ह्याला ना मुहूर्त लागत, ना रीत लागत."

"आन गळ्यातलं मंगळसूत्र?"

"पदराखाली झाकती ती."

कोंडीबांनी बिडी पेटवली, म्हणजे त्यांची परवानगी मिळाली. पुनम पाटावर बसली. हळदीची वाटी आली. जनकाबाईने वाटीत बोटं घातली, माझ्याकडे तोंड केलं आणि हसली.

"थांब मोठी माय," पुनम म्हणाली. "ह्याला रीत लागत न्हाई ना?"

"न्हाई म्हटलं ना."

"मंग आधी माझी माय लावंल."

जनकाबाईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद गेला. ती कोंडीबांकडे बघू लागली. कोंडीबा बिडीकडे बघू लागले. स्वतःचंच बोलणं मागे घ्यायची सवय त्या बाईला नव्हती.

"लावू दे," ती शेवटी म्हणाली. "फोटूच हाय."

सिंधूबाईला गोठ्यातून आणावं लागलं. तिने हात दोनदा धुतले, तरी पदराला पुसतच राहिली. वाटीपाशी बसली आणि नेमका माझा फोन वाजला. हिंगोलीचा दुकानदार होता.

"भाऊ, तुमचं कार्ड निघालं. सगळे फोटो आले, हिरव्या साडीवाल्या बाई तर एकदम क्लिअर."

"कोण हाय? हिंगोलीचा का?" जनकाबाईने विचारलं. "काय म्हणून राहिला?"

सिंधूबाईचा हात वाटीवर थांबला. फोटो आले असं मी म्हणालो असतो तर ती उठून गेली असती. ती अर्धी उठलीच होती.

"कार्ड मेलं," मी म्हणालो. "काही उरलं नाही. बसा, सिंधूबाई."

मी धंद्यात खोटं बोलत नाही. तेव्हा बोललो, आणि मला बरं वाटलं.

तिने एका बोटाने पुनमच्या गालाला हळद लावली, चटका बसतो की काय अशा भीतीने, आणि हात मागे घेतला. फोटो स्वच्छ आला होता.

"नीट नाही आला," मी म्हणालो. "परत लावा."

तिने दुसऱ्या गालाला लावली.

"कार्ड अडकतंय. परत."

मग कपाळ झालं, हात झाले. जनकाबाईने विचारलं, हेबी कार्ड खराब हाय का? मी म्हणालो, हल्ली मालच असा येतो. सिंधूबाईने आता सगळी ओंजळ वाटीत बुडवली होती. पुनमचे पाय तिने मांडीवर घेतले. एकदा पुनमचं मंगळसूत्र पदराबाहेर आलं, कुणी झाकलं नाही. मी मात्र दर वेळी इमानाने सांगत होतो, परत, परत.

शेवटी सिंधूबाईने मान वर केली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"दादा, फोटू बंद कर आता. मला माझ्या लेकीला हळद लावू दे."

मी जनकाबाईकडे बघितलं. ती हळदीची वाटी सिंधूबाईकडे सरकवत होती. मी कॅमेरा बंद केला आणि मांडवाबाहेर जाऊन कोंडीबांजवळ बसलो.