पुसलं गेलं तर

“उद्या लसीकरण केंद्रावर माझीच ड्यूटी आहे. मी स्वतः टोचते तुला, कळणारसुद्धा नाही,” धाकटी म्हणाली.

ताईने मान वर केली नाही. खिडकीपाशी बसून ती एका कोटाच्या बाहीला रफू करत होती. टाळेबंदीत लॉण्ड्री बंद असल्याने मालक काम घरीच पाठवायचा. खालचा रस्ता इतका निवांत पडला होता की कापडातून दोरा ओढल्याचा आवाजही ऐकू यावा.

“मला नको,” ती म्हणाली.

“अगं, पण का? माझ्या डोळ्यांदेखत माणसं जाताहेत. त्यात तुला दमा.”

ताईने फोन पुढे केला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एक व्हिडिओ पाठवला होता. पांढरा कोट घातलेला कुणीतरी मधाळ आवाजात सांगत होता, की लस मेंदूत शिरते आणि जुन्या आठवणी एकेक करून पुसून टाकते.

धाकटीला हसू फुटलं. “तायडे, कोट काय, कुणीही घालतं! लस शरीराला आजार ओळखायला शिकवते, बस्स. आठवणींशी तिचा काडीचा संबंध नाही. इतक्या लोकांना टोचलं मी, एकजण तरी घरचा पत्ता विसरला का?”

“खोटंच असेल गं. पण खरं निघालं तर?” ताईचा आवाज अगदी बारीक झाला. “माझ्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही.”

धाकटीचं हसू ओठांवरच विरलं. ताईची लेक चार वर्षांची होऊन तापाने गेली, त्याला एक जमाना लोटला होता. ताईला त्रास नको म्हणून घरात पुन्हा कुणी तिचा विषय काढला नाही. ताईनेही मग तिला मनातल्या मनातच वाढवलं.

धाकटी हळूच तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसली. “मग मला सांग. सगळं सांग. तुझं पुसलंच, तर मी तुला परत सांगेन.”

ताईने सुई कापडात टोचून ठेवली. मग कुठूनतरी खोल पाण्यातून वर यावेत तसे शब्द एकेक येऊ लागले. झोपताना कानाची पाळी धरून ठेवणारी इवलीशी बोटं. स्वतःच्या सावलीला घाबरणं आणि मग तिलाच “ये ना” म्हणून बोलावणं. न्हायल्यावर मानेला येणारा ओलसर वास. ऊन भिंतीवरून सरकत छताला गेलं, खोली निळसर झाली, तरी ताई बोलतच होती.

दुसऱ्या दिवशी ताई लस घेऊन आली आणि दुपारी अंग तापलं. ग्लानीत तिला एक लांबच लांब खोली दिसली. ओळीने टांगलेले कोट होते, त्यांच्या बाह्या संथ झुलत होत्या आणि त्यांच्यामधून कुणीतरी बुटकं खुदुखुदु हसत पळत होतं.

तिने डोळे उघडले, तेव्हा धाकटी कपाळावर ओला रुमाल ठेवत होती.

“लसीचा ताप आहे, उतरेल उद्यापर्यंत,” ती म्हणाली. मग जरा घाबरतच तिने विचारलं, “काय आठवतंय, ताई?”

“शिंक आली ना, की स्वतःच दचकायची. आणि माझ्याकडे बघायची, मीच काहीतरी केल्यासारखं.”

“हे कुठे सांगितलंस मला काल?”

“काल आठवलंच नव्हतं.”

ताईने पुन्हा डोळे मिटले. कूस बदलून ती भिंतीकडे सरकली, शेजारी एका लहान जिवापुरती जागा मोकळी राहील इतकीच.