बहराचं वेळापत्रक

आमच्या चार इमारतींच्या मध्ये एक बाग आहे, बागेत एक झाड आणि झाडाखाली एकच बाक. वसंतात ते झाड दहाएक दिवस पांढऱ्या फुलांनी लगडतं. गेल्या वर्षी त्या बाकावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, म्हणून यंदा सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे आमचे हे, कंबर कसून पुढे सरसावले. तीस वर्षं परीक्षा विभागात काढलेल्या माणसाच्या हाती फुलं लागली की दुसरं काय होणार? वेळापत्रक झालं.

चाळीस घरं, दहा दिवस, रोज चार घरं, प्रत्येकी अर्धा तास. झाडाभोवती दोरी बांधली आणि हे घड्याळ घेऊन दोरीपाशी उभे राहिले. जरा कुणाचा जीव फुलांत रमला की ह्यांचा आवाज यायचा, "शेवटची पाच मिनिटं." समोरच्या इमारतीतलं नवं जोडपं बिचारं पेपर सोडवायला बसल्यासारखं वर बघत होतं.

आपल्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून ह्यांनी स्वतःचं घर सगळ्यात शेवटी घातलं. दहावा दिवस, संध्याकाळचे सहा. इतका निःस्पृह नवरा मिळायला पुण्य लागतं, आणि माझं ते जरा जास्तच साठलेलं असावं.

पण घरात सासूबाई होत्या. एक डोळा कधीच गेलेला, दुसरा चाललेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काय दाखवायचं ते आत्ताच दाखवा. पुढच्या वसंतापर्यंत नजर टिकणार नाही." सासूबाईंनी एकच मागितलं, त्या झाडाखाली बसायचं. आमच्या खिडक्या मागच्या बाजूला, तिथून गाड्यांची टपं तेवढी दिसतात.

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भले माणूस. त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी होती. "माझा दवाखाना असतो, माझ्या वेळेत आईंना बसवा," ते म्हणाले. मी धावतच ह्यांना सांगितलं.

"नियमात अदलाबदल नाही," हे म्हणाले. "आज सेक्रेटरीच्या आईला सवलत दिली, तर उद्या जो तो आपली आई पुढे करेल."

"अहो, त्यांना पुढच्या वर्षी दिसणार नाही."

"नियम केला तेव्हा ते मला माहीत नव्हतं का?"

माहीत होतं. ह्याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा अर्धा तास बाक रिकामा राहिला आणि त्यावर कुणी बसू नये म्हणून हे पूर्ण अर्धा तास पहारा देत उभे होते.

"आई, उठा, मी नेते तुम्हाला," मी म्हटलं. "बघू कोण अडवतंय."

"नको गं. चारचौघांत त्याची शोभा होईल," सासूबाई म्हणाल्या. "आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

आठव्या दिवशी दुपारी वारा सुटला. त्याला वेळापत्रक कुणी दिलं नव्हतं. तासाभरात झाडावर नुसती पानं उरली, आणि आवारात कचरा नको म्हणून ह्यांनीच पाकळ्या झाडून घेतल्या. नवव्या दिवशीचे लोक बाकाकडे फिरकलेही नाहीत.

दहाव्या दिवशी सहाला हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, आईंचा हात धरून त्यांना एकेक पायरी उतरवलं आणि बाकावर बसवलं. मी मागे उभी. सासूबाईंनी मान वर केली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"फुललंय का रे?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा आईच्या डोळ्यांकडे. "हो आई," हे म्हणाले. "खूप फुललंय. पांढरंशुभ्र."

"छान," त्या म्हणाल्या आणि ह्यांच्या हातावर थोपटत राहिल्या. अर्धा तास होऊन गेला. ह्यांनी घड्याळ बघितलं नाही.

वर आल्यावर मी सासूबाईंच्या चपला काढत होते. हे बाथरूममध्ये नळ सोडून तोंड धूत होते, बराच वेळ. सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या.

"सूनबाई, सगळी पानंच दिसली गं मला," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला सांगू नकोस. जन्मात पहिल्यांदा खोटं बोललाय, आणि तेही माझ्यासाठी."

जिना चढताना मी ह्यांच्यासाठी चांगले तीन टोमणे जुळवून ठेवले होते. त्यातला एकही बोलले नाही.