दोन जव जास्त

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रदर ऐल्विनने हाविसचा तागा मोजला आणि तो कमी भरला.

चोवीस वार भरायला हवे होते. तेवीस भरले, आणि वर दोन तृतीयांश. ऐल्विनने अंगठा होता तिथेच दाबून धरला आणि मान वर केली. अकरा वर्षे ही बाई विहिरीशेजारच्या त्याच जागी पाल लावत होती. तिचे कापड कमी भरल्याचे त्याला आठवत नव्हते.

"परत मोजा," हाविस म्हणाली.

"मोजतो."

"या खेपेला मी तुमच्या हाताकडे बघणार आहे."

"बघ. हवं तर तोंडाकडेही बघ."

फळीवर कापड ओढायचे नाही, ढिलेही सोडायचे नाही. स्टोवेनहमच्या मठाचा मापाडी म्हणून एकोणीस वर्षांत त्याच्या बोटांना हे इतके सवयीचे झाले होते की मोजताना तो प्रार्थनाही म्हणत असे. आज म्हटली नाही. पुन्हा तेवीस आणि दोन तृतीयांश.

तागा विकत घ्यायला उभा असलेला फ्लँडर्सचा व्यापारी लॅम्बिन हळहळला. "वाईट झालं, बाई. रंग फार सुरेख होता."

"होता काय म्हणता? अजून आहे."

"संध्याकाळी तीन तुकडे होतील ना त्याचे."

लॅम्बिन खोटे बोलत नव्हता. मैदानाच्या मधोमध उंच खांबावर चामड्याचा मोठा हातमोजा लटकत होता, आणि तो तिथे होता तोवर आठ दिवस गावात मठाचाच कायदा होता. गावातली दुकाने बंद, राजाचा शिरस्तेदार वेशीबाहेर. मठाच्या काठीने मोजल्याशिवाय कापड विकायचे नाही. कमी भरले तर त्याचे तीन तुकडे करायचे आणि विणणाऱ्याला या जत्रेत पुन्हा कधी पाल लावू द्यायचे नाही. निकाल त्याच दिवशी, सायंप्रार्थनेच्या घंटेआधी लागे, कारण व्यापारी उद्या कुठे असतील याचा नेम नसे.

"मी ताण्याचे उभे धागे लावते ते खुंट्यांवर," हाविस हळू आवाजात म्हणाली. "माझ्या आजोबांनी त्या खुंट्या ठोकल्या, याच मठाच्या काठीनं मोजून. त्या हललेल्या नाहीत, ब्रदर. वाराचा एक, असे चोवीस फेरे आणि वर अंगठाभर. दरवर्षी अंगठाभर जास्तच देते मी."

"जत्रेच्या न्यायकचेरीत सांग हे."

"तुम्हाला सांगतेय."

ऐल्विनने काठी खांद्यावर टाकली आणि तो निघाला. त्याच्या डोक्यात हाविसचे दुःख नव्हे, एक आकडा घोळत होता. पहिल्या दिवशी वाडिन नावाच्या विणकराचा तागा कमी भरला होता. काल आणखी एकाचा. दोघांचेही तुकडे झाले आणि दोघेही तोंड लपवून निघून गेले. एकोणीस वर्षांत मिळून पाच चोर सापडले होते. या वर्षी तीन दिवसांत तीन. बरे, तेही एक वेळ खरे मानले असते. पण तिघांचीही तूट एकच होती, वाराच्या तिसऱ्या भागाएवढी. चोर म्हटला की कुणी हातभर चोरतो, कुणी बोटभर. तीन वेगळ्या गावांचे तीन चोर एकाच मापाने कसे चोरतील?

तिघांमध्ये समान अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्याच्या खांद्यावर होती.

तो धान्याच्या कोठारात गेला. तीन जवांचे एक बोट आणि पंचेचाळीस बोटांचा मठाचा एक वार, हे मठातले पोरही सांगेल. कणसाच्या मधल्या भागातले भरदार, कोरडे दाणे निवडून त्याने ते फरशीवर काठीच्या कडेने टोकाला टोक लावून मांडले. एकशे पस्तीस दाण्यांवर काठी संपायला हवी होती. संपली नाही. एकशे सदतीस लागले. त्याने दाणे बदलून पुन्हा मांडले. एकशे साडेछत्तीस.

काठीच्या दोन्ही टोकांना पितळी टोपणे चमकत होती. जत्रेच्या आधी त्यानेच ती बसवून घेतली होती. टोके चिरत चालली होती म्हणून, असे त्याने मठात सांगितले होते. खरे तर एवढ्या थोर काठीची टोके अशी उघडी दिसावीत हे त्याला बघवत नव्हते.

लोहार रेनर मैदानाच्या कडेला घोड्याला नाल ठोकत होता.

"रेनर, टोपणं बसवताना लाकूड घासलं होतंस ना?"

"नाही."

"का नाही?"

रेनरने घोड्याचा पाय खाली सोडला. "आता का नाही म्हणता? तुम्हीच बजावलंत मला. संताच्या हातच्या झाडाचं लाकूड आहे, त्याला कानस लावलीस तर हात झडेल. मी आपला हात सांभाळला."

"पितळ जाड किती?"

"असेल एका बाजूला जवाएवढं." मग त्याच्या लक्षात आले. "अरे देवा. त्या वाडिनचा तागा…"

ऐल्विनने मान हलवली. श्रद्धेने केलेली चूकही चूकच असते, असे तो मठातल्या नवशिक्यांना शिकवत असे. शिकवताना हे वाक्य फार सोपे वाटायचे.

कोठारी ब्रदर हॅमो जत्रेचा न्यायाधीशही होता. जाडजूड, दमेकरी, मनाने वाईट नसलेला माणूस. त्याने सगळे ऐकून घेतले, आणि ऐल्विनने पुढे केलेल्या ओंजळीतल्या दाण्यांकडे पाहिले.

"जव साक्षीला उभे राहत नाहीत, ऐल्विन. एका शेतातले दाणे लठ्ठ, एका शेतातले रोड."

"म्हणून मी दोनदा मोजलं."

"आणि दोन वेगळी उत्तरं आली." हॅमोने कपाळ पुसले. "हे बघ. शंभर वर्षांपूर्वी राजानं आपल्याला ही जत्रा दिली ती कशाच्या जोरावर? या काठीच्या. लोक तीन दिवस चालून येतात ते इथलं माप खरं म्हणून. काठी खोटी निघाली, तर पुढच्या वर्षी त्या मैदानात गुरं चरतील. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. रात्री रेनरकडून टोपणं काढून घे."

"आणि हाविस?"

"संताच्या नावानं तिला माफी देतो. कापड घेऊन जाईल घरी. झालं?"

ऐल्विनला वाटले, झाले. खरोखरच झाले. कापड वाचेल, काठी दुरुस्त होईल, कुणालाच काही कळायचे नाही. कचेरीच्या तंबूपर्यंत चालत जाईतो त्याला हे पटतही आले होते.

तिथे लांबलांबून चालत आलेले व्यापारी आपले धुळीने भरलेले पाय घेऊन तसेच उभे राहत, म्हणून सगळे तिला धूळपायांची कचेरी म्हणत. चार व्यापारी पंच म्हणून बाकावर बसले होते. त्यातला वडीलधारा खारवलेली मासळी विकायचा, आणि त्याच्या शेजारी बसलेला पंच शक्य तितका कडेला सरकला होता.

हॅमोने मापाचा आकडा वाचला. मग घसा साफ करून तो म्हणाला, "परंतु ही बाई अकरा वर्षं या जत्रेत येते. संत बोटॉल्फच्या सणाची आठवण ठेवून मठ तिला माफी देतो. कापड कापू नये."

लोकांत समाधानाची कुजबुज झाली. हाविस मात्र हलली नाही.

"मला माफी नको," ती म्हणाली.

"अगं बाई, घे की," मागून लॅम्बिन म्हणाला. "फुकट मिळतेय."

"माफी चोराला देतात. घेतली तर मी चोर ठरते. पुढच्या वर्षी याच पालावर लोक येतील आणि म्हणतील, ही ती माफीवाली. तुम्ही तरी घ्याल का माझा तागा न मोजता?"

लॅम्बिन एक पाऊल मागे सरकला.

"तर मग कायद्याप्रमाणे कापावं लागेल," हॅमो म्हणाला. तो रागावला नव्हता, अगतिक झाला होता. त्याने ऐल्विनकडे पाहिले. त्या नजरेत आज्ञा कमी आणि विनंती जास्त होती.

हाविसही ऐल्विनकडेच पाहत होती. तिला काहीच ठाऊक नव्हते. सकाळी तिने आपले म्हणणे ज्याला सांगितले तो माणूस एवढेच तिच्या दृष्टीने त्याचे महत्त्व.

"कापण्याआधी," ऐल्विन म्हणाला, "काठी मोजू या."

"काठी?" म्हाताऱ्या पंचाने कानामागे हात धरला. "काठीनं मोजतात ना रे? काठीला कशानं मोजणार?"

"चर्चच्या दक्षिणेकडच्या दाराच्या पायरीनं. जत्रा मिळाली तेव्हा पहिल्या मठाधिपतींनी तिथं दगडात दोन खाचा पाडल्या. त्या खाचांवर ठेवून ही काठी कापली. माझ्या गुरूंनी मला त्या एकदाच दाखवल्या होत्या. मी नवा होतो तेव्हा."

"मग दरवर्षी का नाही मोजत?"

काठी खरी आहे हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून कुणी मोजत नव्हते.

सगळी कचेरी उठून चर्चच्या दक्षिण दाराकडे निघाली. पायरीवर मेणबत्त्या विकणाऱ्याचे बाकडे होते. ते हलवताना तो कुरकुरला, पण कुणी लक्ष दिले नाही. खाली कित्येक वर्षांचे मेण सांडून दगडावर काळपट साय धरली होती. खाचा कुठेच दिसत नव्हत्या. ऐल्विन गुडघ्यांवर बसला आणि सुरीने मेण खरवडू लागला. मागे कुणीतरी म्हणाले, मापाडी संतापुढे लोटांगण घालतोय. काही जण हसले. त्याच्या मनात आले की आठवण चुकीची असेल. इथे खाचा नसतीलच, किंवा असतील आणि काठी बरोब्बर बसेल. तसे झाले, तर या बाईचा तागा आपल्याच मापाने फाटेल.

सुरी एका रेघेत अडकली. मग काठीभर पलीकडे दुसरी रेघ निघाली.

त्याने काठीचे एक टोक पहिल्या खाचेला लावले आणि ती खाली टेकवली. दुसरे टोक खाच ओलांडून पुढे आले. फार नाही. म्हाताऱ्या पंचाने वाकून त्या जागी बोटाचे टोक ठेवून पाहिले, मग ऐल्विनच्या ओंजळीतून दोन दाणे मागून घेऊन तिथे ठेवले. ते नेमके बसले.

"माझी चूक," ऐल्विन म्हणाला. "पितळ मी बसवलं. लोहाराला लाकूड घासू दिलं नाही, तेही मीच."

रेनरने चिमट्याने टोपणे उपटली. नुसते लाकूड दोन खाचांमध्ये असे बसले, जणू काल कापले असावे. तिथेच पायरीजवळ तागा पसरून चौघा पंचांसमोर पुन्हा मोजला. चोवीस वार, आणि वर अंगठाभर.

हाविसने उरलेल्या त्या अंगठाभर कापडावर तळहात ठेवला.

"आता दुसरी गोष्ट," म्हातारा पंच म्हणाला. "खोटं माप ज्याच्या हाती सापडेल, त्यानं ते गळ्यात बांधून घंटेपर्यंत त्या हातमोज्याखाली उभं राहायचं. हे तुमच्याच मठानं लिहिलंय. पाववाल्याला लावता, बिअरवालीला लावता."

हॅमो काहीतरी म्हणणार होता. ऐल्विनने आधीच मान वाकवली. रेनरने टोपणे दोरीत ओवून त्याच्या गळ्यात घातली, आणि घालताना त्याच्याकडे पाहणे टाळले.

हातमोज्याच्या खांबाखाली उन्हात ऐल्विन उभा राहिला. लोक येऊन बघून गेले. एका पाववाल्याने बराच वेळ मजेत पाहिले आणि जाताना मात्र टोपी काढली. त्या मैदानात पुढच्या वर्षी गुरे चरतील की माणसे येतील, हे ऐल्विनला सांगता आले नसते. कापडाच्या फळीपाशी मात्र रांग लागली होती. लॅम्बिन स्वतः काठी हातात घेऊन तिची टोके निरखत होता. वाडिनचा आणि कालच्या त्या दुसऱ्याचा तागा कापला गेला होता तो गेलाच होता. जत्रा उठली की दोघांच्याही दारी जायचे, असे ऐल्विनने ठरवले. काय बोलायचे ते अजून सुचले नव्हते.

हाविस आपला तागा काखेत मारून समोर येऊन उभी राहिली. तिने त्याच्या गळ्याकडे पाहिले.

"वाडिन आमच्या वाटेवरच राहतो," ती म्हणाली. "जत्रा उठली की मी निघेन. त्याच्याकडे जायचं तर तुम्हाला रस्ता माहीत नसेल."

"नाही."

"फार बोलत नाही तो. पण कुत्रा सोडतो." तिने तागा खाली ठेवला आणि त्याचे मोकळे टोक काढले. "लॅम्बिनला रंग उजेडात बघायचाय, आणि माझ्याकडे धरायला माणूस नाही. तुम्ही नुसतेच उभे आहात, तर हे एक टोक धरा."

ऐल्विनने दोन्ही हातांनी टोक धरले. हाविस मागे मागे चालत गेली आणि निळे कापड त्या दोघांमध्ये उलगडत गेले.

"ओढू नका, ब्रदर," ती पलीकडून म्हणाली. "ढिलंही सोडू नका."